सरोवर गेलं, काठ राहिला

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिण किनाऱ्याला समांतर, पण पाण्यापासून आठ ते तेरा किलोमीटर आत, एक जुना रस्ता आहे. रॉचेस्टर शहरातून निघून सव्वाशे किलोमीटरवर तो नायगारा नदीकाठच्या लुईस्टनला पोचतो. सरकारी कागदोपत्री तो राज्य मार्ग क्रमांक १०४. लोकांच्या तोंडी रिज रोड. दोन्ही हातांना सफरचंदाच्या बागा, मक्याची शेतं, जुनी चर्च, मध्येच एखादा पेट्रोल पंप. नायगारा पाहायला निघालेले प्रवासी बहुधा दक्षिणेकडच्या टोल महामार्गाने जातात, त्यामुळे बाहेरच्या माणसाची या रस्त्याशी सहसा गाठ पडत नाही. पडलीच, तर एक गोष्ट लक्षात येते. रस्ता आजूबाजूच्या शेतांहून उंचावर आहे, कुठे दोन मीटर, कुठे पाच-सहा. आणि उत्तरेला जमीन सावकाश उतरत गेली आहे.

हा भराव कुणा माणसाने घातलेला नाही. तो एका सरोवराचा काठ आहे, आणि ते सरोवर साधारण तेरा हजार वर्षांपूर्वी ओसरलं.

त्या काळी उत्तर अमेरिकेवरचा प्रचंड हिमस्तर कॅनडाकडे मागे हटत होता, पण सेंट लॉरेन्स नदीचा मार्ग अजून त्याच्याखाली दबलेला होता. मोरीत बोळा बसावा तसं झालं. वितळलेलं पाणी अडलं, चढत गेलं, आणि शेवटी आजच्या रोम गावाजवळच्या सखल खिंडीतून मोहॉक नदीच्या खोऱ्यात, तिथून हडसनमध्ये आणि समुद्राला जाऊन मिळू लागलं. बाहेर पडायची वाट ठरली म्हणजे सरोवराची पातळीही ठरली. ती बराच काळ फारशी हलली नाही, आणि तेवढ्या अवधीत लाटांनी आपलं काम उरकलं.

हिम मागे हटताना जे टाकून जातं त्यात चिकणमाती, रेती, खडी, मोठाले धोंडे असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. लाट ते निवडते. चिखल उचलून खोल पाण्यात नेते, रेती आणि खडी काठाशी ठेवते, तिरकी आली तर तीच खडी काठाकाठाने पुढे ढकलत राहते. वादळात गोटे आणखी वर फेकले जातात. असा थरावर थर चढत खडी-रेतीचा एक लांबलचक वरंबा तयार झाला. त्याच्या मागे, जमिनीच्या बाजूला, ठिकठिकाणी पाणी तुंबून दलदल राहिली. पुढे हिम आणखी हटलं, सेंट लॉरेन्सची वाट मोकळी झाली आणि सरोवराची पातळी झपाट्याने खाली आली. आजच्या ऑन्टारिओच्याही खूप खाली. वरंबा जिथल्या तिथे राहिला, कोरडा.

भूशास्त्रज्ञ जोसेफ विल्यम स्पेन्सर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या नाहीशा झालेल्या सरोवराला इरोक्वाय असं नाव दिलं. या प्रदेशात नांदलेल्या हॉडेनोसॉनी राष्ट्रसंघाला युरोपीय लोक इरोक्वाय म्हणत, त्यावरून. नाव समर्पक आहे, कारण वरंब्याचा वाट म्हणून उपयोग करणारे पहिले हेच लोक. खाली दाट रान, चिखल, डास आणि ओढे. वर रेताड, निचऱ्याची, जवळजवळ सपाट पट्टी. अशा मुलखात पायवाट कुठून जाणार हे कुणाला सांगावं लागत नाही.

गोरे वसाहतवाले आले तेव्हा त्यांच्याही हे पटकन ध्यानात आलं. त्या काळच्या पश्चिम न्यूयॉर्कमध्ये रस्ता म्हणजे झाडं तोडून मोकळा केलेला पट्टा, आणि दलदल आली की आडवे टाकलेले ओंडके. त्यावरून बैलगाडी हाकणाऱ्याच्या हाडांचं काय होत असेल याची कल्पना करावी. रिजवर, म्हणजे या वरंब्यावर, ओंडक्यांची गरजच नव्हती. पाऊस पडला की पाणी खडीत जिरे आणि चाकं पुन्हा चालू लागत. जिथे ओढ्यांनी वरंबा फोडला होता, ओक ऑर्चर्ड, जॉन्सन क्रीक आणि आणखी काही, तिथे तेवढे पूल बांधले की झालं. अमेरिकेत कुठलाही खडीचा रस्ता त्या काळी पैसे ओतल्याशिवाय होत नव्हता. इथे खडी आधीच चाळून, पसरून, दाबून ठेवलेली होती.

१८१० च्या उन्हाळ्यात डीविट क्लिंटन या बाजूला आला. पुढे न्यूयॉर्कचा गव्हर्नर झालेला आणि एरी कालव्याचा पाठपुरावा करणारा हाच क्लिंटन. तेव्हा तो कालव्याची वाट शोधणाऱ्या आयोगाचा सदस्य होता. त्याने रोजनिशीत या वरंब्याबद्दल लिहिलं, आणि हा पूर्वीच्या सरोवराचा काठ असावा हे त्याने ओळखलं. हिमयुगाची कल्पना तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हती. राजकारणी माणसाने केवळ गोटे आणि उतार पाहून एवढं ताडावं याचं मला कौतुक वाटतं. पाणी इतकं वर कसं चढलं होतं, हे मात्र त्याला कळायला मार्ग नव्हता. १८४१ मध्ये चार्ल्स लायेल हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला ब्रिटिश भूशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या जेम्स हॉल या भूशास्त्रज्ञाबरोबर या पट्ट्यात हिंडला. त्यालाही काठ दिसला. पाणी अडवणारी भिंत हिमाची होती हे त्या पिढीच्या गळी अजून उतरायचं होतं.

इथे स्कॉटलंडमधल्या ग्लेन रॉयची आठवण होते. तिथे डोंगरउतारावर एकावर एक तीन आडव्या रेषा आहेत. त्यांना लोक 'समांतर रस्ते' म्हणत आणि पुराणातल्या वीरांनी शिकारीसाठी ते बांधले असं सांगत. चार्ल्स डार्विनने १८३९ मध्ये त्या समुद्राच्या जुन्या किनाऱ्याच्या खुणा ठरवल्या आणि तो सपशेल चुकला. दुसऱ्याच वर्षी निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासीने त्या हिमाने अडवलेल्या सरोवराच्या असल्याचं सांगितलं. स्कॉटलंडमध्ये काठाला रस्ता समजले. न्यूयॉर्कमध्ये त्याच जातीच्या काठावरून रोज टपालगाड्या धावत होत्या.

खरी गंमत ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने दाखवली. हा भूशास्त्रज्ञ जन्माने रॉचेस्टरचाच. शांत पाण्याचा काठ सगळीकडे सारख्याच उंचीवर असला पाहिजे, हे शाळेतलं मूलही सांगेल. गिल्बर्ट आणि त्याच्या समकालीनांनी इरोक्वायचा काठ मोजत नेला तेव्हा तो तसा निघाला नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनजवळ तो समुद्रसपाटीपासून ११० मीटरच्या आसपास आहे. रॉचेस्टरला साधारण १३० मीटर. तिथून ईशान्येला वॉटरटाउनच्या बाजूला गेलं की २२० मीटरच्या घरात. पाणी तिरपं उभं राहत नाही. तेव्हा तिरकी झाली ती जमीन. किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीच्या हिमाखाली भूकवच दबलं होतं. ईशान्येला हिम जाड होतं आणि तिथे ते जास्त काळ टिकलं, म्हणून तिकडे जमीन अधिक खोल दबली होती आणि भार उतरल्यावर अधिक वर आली. रिज रोडवरून लुईस्टनहून रॉचेस्टरकडे गाडी हाकणारा माणूस त्यामुळे सव्वाशे किलोमीटरमध्ये चार मजली घराइतका चढ चढतो. त्याला हे कळत नाही. टपालगाडीच्या घोड्यांनाही कळलं नसावं.

या रस्त्याच्या पश्चिम टोकाचं आणखी एक महत्त्व आहे. नायगाराचा धबधबा जन्मला तो लुईस्टनपाशी. इरोक्वाय सरोवर असतानाच एरी सरोवराकडून आलेली नदी तिथल्या उंच कड्यावरून त्या सरोवराच्या पाण्यात पडू लागली. तेव्हापासून खडक कोसळत कोसळत धबधबा अकरा किलोमीटर मागे सरकला आहे, आणि मधली घळ त्याने कोरलेली आहे. पर्यटक धबधब्याचे फोटो काढून परततात. त्याचं जन्मस्थान रिज रोडच्या शेवटाशी आहे.

लुईस्टनच्या बाजूने एकदा या रस्त्यावर माणसांचा लोंढा आला. १९ डिसेंबर १८१३ ला, ब्रिटन-अमेरिका युद्धात, ब्रिटिश सैनिक आणि त्यांच्या बाजूचे मूलनिवासी योद्धे नदी ओलांडून आले आणि त्यांनी लुईस्टन जाळलं. लोक बर्फातून पूर्वेकडे पळाले. पळायला वाट एकच, रिजची. टस्करोरा जमातीच्या मूठभर माणसांनी उंचावरून आरडाओरडा आणि गोळीबार करून पाठलाग करणाऱ्यांना थोपवलं आणि कित्येकांचे प्राण वाचले. त्यांचं स्मारक लुईस्टनमध्ये उभं राहायला २०१३ साल उजाडावं लागलं.

युद्ध संपल्यावर वस्ती भराभर वाढली. रॉचेस्टर ते लुईस्टन टपालगाड्या सुरू झाल्या, आणि घोडे बदलायला, जेवायला, रात्र काढायला वाटेत टॅव्हर्न उभ्या राहिल्या. क्लार्कसन, गेन्स, रिजवे, हार्टलंड ही गावं या रस्त्याला लागूनच वाढली. याच टपालगाड्यांच्या व्यवस्थेचा वापर करून १८२६ मध्ये एक अपहरण झालं, आणि त्याने देशाचं राजकारण ढवळून निघालं.

बटेव्हिया गावात विल्यम मॉर्गन नावाचा गवंडीकाम केलेला माणूस राहत होता. फ्रीमेसन या गुप्त मंडळाची गुपितं फोडणारं पुस्तक आपण छापणार, असं त्याने जाहीर केलं. मंडळात त्या वेळी न्यायाधीश, शेरीफ, व्यापारी, टॅव्हर्नचे मालक अशी वजनदार माणसं होती. मॉर्गनला आधी एका शर्ट-टायच्या चोरीच्या आरोपाखाली कॅनंडेग्वाला नेलं. तो आरोप टिकला नाही, म्हणून दोन डॉलर आणि काही सेंटच्या कर्जापायी तुरुंगात घातलं. १२ सप्टेंबरच्या रात्री कुणीतरी ते कर्ज फेडलं, मॉर्गन बाहेर आला, आणि तुरुंगाच्या दारातच त्याला धरून बंद गाडीत कोंबलं. पहाटे गाडी रॉचेस्टरला पोचली. मग तिने रिज रोड धरला.

तेरा तारखेचा दिवसभर ती गाडी पडदे ओढून पश्चिमेला धावत होती. सप्टेंबरचा उकाडा, आणि खिडक्या बंद. ठरल्या ठिकाणी ताजे घोडे तयार होते. गाडीवान बदलत होते, बरोबरचे स्वार बदलत होते, आणि रस्त्याकाठच्या कित्येकांनी ती गाडी जाताना पाहिली. पुढे चौकशीत साक्षीदार मिळाले ते असेच. रात्री गाडी लुईस्टनला आणि तिथून फोर्ट नायगाराला पोचली. किल्ल्याच्या दारूकोठारात मॉर्गनला काही दिवस डांबलं होतं. नंतर त्याचं काय झालं हे आजवर कुणी खात्रीने सांगू शकलेलं नाही. नायगारा काउंटीचा शेरीफ इलाय ब्रूस याला अपहरणात सामील असल्याबद्दल अठ्ठावीस महिन्यांची शिक्षा झाली. खुनाचा खटला मात्र उभाच राहिला नाही.

दडपादडपीने लोक जास्त खवळले. त्यातून अँटी-मेसॉनिक पक्ष निघाला, अमेरिकेतला पहिला तिसरा पक्ष. अध्यक्षपदाचा उमेदवार देशभरातून प्रतिनिधी बोलावून, अधिवेशन भरवून निवडायची पद्धत त्यांनी १८३१ मध्ये बाल्टिमोरला सुरू केली. आज अमेरिकेतले दोन्ही बडे पक्ष फुगे आणि टोप्यांच्या थाटात जी अधिवेशनं भरवतात, त्यांचं मूळ तिथे आहे. १८३२ च्या निवडणुकीत त्या पक्षाने व्हरमॉन्ट राज्य जिंकलं आणि मग तो विरत गेला. चांगला, न अडवणारा रस्ता गुन्हेगारांच्याही सोयीचा असतो, हे त्या एका दिवसात रिजने दाखवलं.

तोवर कालवा आला होता. १८२५ मध्ये एरी कालवा पूर्ण झाला, आणि या भागात तो रिजला समांतर, तिच्या दक्षिणेला काही किलोमीटरवरून गेला. लॉकपोर्टहून रॉचेस्टरपर्यंत शंभर किलोमीटर एकही लॉक नाही, एवढी सपाट आखणी. पण ती फावड्या-कुदळींनी खणून काढलेली सपाटी होती. माल आणि माणसं कालव्याकडे वळली. गेन्स गावाला हे फार झोंबलं. ऑर्लिन्स काउंटी १८२४ मध्ये वेगळी झाली तेव्हा गेन्स हे तिथलं सगळ्यात नांदतं गाव. काउंटीचं ठाणं आपल्याकडेच येणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. स्पर्धेत होतं कालव्याकाठचं अल्बियन, चार किलोमीटरवर. तिथल्या जुन्या इतिहासात सांगतात की पाहणीला येणारे आयुक्त गावात पोचायच्या वेळी अल्बियनच्या लोकांनी सुकत चाललेल्या ओढ्याचं पाणी बांध घालून साठवून ठेवलं, आयुक्तांना भरपेट जेवू घातलं, मग गिरणी दाखवायला नेलं आणि त्याच वेळी पाणी सोडलं. करवत घुमू लागली, ओंडके चिरले जाऊ लागले, आयुक्त खूश झाले. ठाणं अल्बियनला गेलं. ही गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेल. पण कालवा नसता तर असली युक्ती करूनही अल्बियनला ते मिळालं नसतं.

मागे पडल्यामुळे रिजचा एक फायदा झाला. तिथे जुनं टिकून राहिलं. त्यातली सर्वांत देखणी चीज म्हणजे गोट्यांची घरं. १८२५ ते १८६० या पस्तीसेक वर्षांत या भागात गोल गोट्यांच्या भिंती बांधायची एक कला फुलली आणि लोपली. उत्तर अमेरिकेतली अशी नव्वद टक्के घरं रॉचेस्टरच्या भोवती सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत. शेत साफ करताना निघालेले गोटे सुरुवातीला वापरले; ते ओबडधोबड, हिमाने आणून टाकलेले. पुढे कारागिरांची नजर चोखंदळ झाली तसे लोक गाड्या घेऊन ऑन्टारिओच्या काठावर जाऊ लागले आणि लाटांनी गुळगुळीत केलेले, लालसर वालुकाश्माचे गोटे भरून आणू लागले. घरच्या मुलांना निवडायला बसवत. फळीला भोक पाडायचं आणि त्यातून जाईल तोच गोटा घ्यायचा, म्हणजे सगळे एका मापाचे.

अशी भिंत जवळून पाहावी. गोट्याचा मूठभर तोंडवळा बाहेर, लांबट अंग आत चुन्यात रुतलेलं. दोन ओळींच्या मध्ये चुन्याची एक धारदार आडवी कड सरळ काढलेली, गवंड्याच्या थापीच्या एका ओढीत. कोपऱ्यांना घडीव दगड. काही घरांवर गोटे तिरके लावून एका ओळीत उजवीकडे, दुसरीत डावीकडे कलते ठेवलेले. चुना सावकाश घट्ट होतो, त्यामुळे दिवसाकाठी मोजकेच थर चढवता येत. घाई केली की खालचा थर फुगतो. एका घराला दोन-तीन मोसम लागणं नवलाचं नव्हतं. रिज रोडवर गेन्सजवळ चाइल्ड्स इथे १८३४ चं गोट्यांचं चर्च, १८४९ ची शाळा आणि एक घर मिळून संग्रहालय आहे. या समूहाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा आहे. रस्ता ज्या गोट्यांवर उभा, तसल्याच गोट्यांची भिंत रस्त्याकडेला.

फळबागांचं थोडक्यात. रिज आणि आजचं सरोवर यांच्या मधली जमीन म्हणजे जुन्या सरोवराचा तळ. ऑन्टारिओचं खोल पाणी वसंतात उशिरा तापतं, त्यामुळे झाडं लवकर फुलत नाहीत आणि शेवटच्या हिमकडाक्यातून मोहोर वाचतो. शरदात तेच पाणी ऊब धरून ठेवतं. न्यूयॉर्कच्या सफरचंदांचा मोठा हिस्सा या पट्ट्यातून येतो.

रॉचेस्टरमध्ये शिरताना रस्त्याच्या दुतर्फा कोडॅकचा अवाढव्य कारखाना लागतो. जॉर्ज ईस्टमनने १८९१ च्या सुमारास इथल्या शेतजमिनीवर तो सुरू केला. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली, ती याच कंपनीच्या. २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली. आवारात आता इतर उद्योगांचाही संसार आहे.

पुराण्या काठांवरून गेलेले रस्ते आणखीही आहेत. ओहायोत एरी सरोवराच्या दक्षिणेला नॉर्थ रिज, सेंटर रिज, बटरनट रिज अशी रस्त्यांची नावंच काठांवरून पडली आहेत. सरोवर टप्प्याटप्प्याने उतरलं तसे एकाखाली एक वरंबे राहिले. टोरंटोत राहणाऱ्या मराठी वाचकांना तर इरोक्वायचा काठ पाहायला सीमा ओलांडायचीही गरज नाही. चौकटीच्या कागदासारख्या आखलेल्या त्या शहरात डॅव्हनपोर्ट रोड वाकडा जातो, कारण तो मूलनिवाशांच्या जुन्या वाटेवरून, लाटांनी खोदलेल्या कड्याच्या पायथ्याने गेला आहे. कड्यावर कासा लोमा हा वाडा आहे, आणि खालून वर चढायला बाल्डविन पायऱ्या, एकशे दहा. त्या चढताना दम लागला तर तो इरोक्वायच्या लाटांमुळे.

असे वरंबे आजही बनत आहेत. रॉचेस्टरला लागून असलेल्या ग्रीस या गावाच्या हद्दीतून रिज रोड जातो, आणि त्याच गावाच्या उत्तर टोकाला एजमियर ड्राइव्ह आहे: एका बाजूला ऑन्टारिओ, दुसऱ्या बाजूला तळी, मध्ये लाटांनी रचलेली रेती-खडीची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर घरांची रांग. २०१७ आणि २०१९ मध्ये सरोवराची पातळी नोंदीतल्या आजवरच्या सर्वाधिक उंचीवर गेली. घरांपुढे वाळूच्या पोत्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, पंप अहोरात्र चालू होते, आणि सेंट लॉरेन्सवरच्या धरणातून पाणी किती सोडायचं हे ठरवणाऱ्या संयुक्त आयोगावर लोकांनी राग काढला. भूकवचाची जुनी उचल अजून थांबलेली नाही. ईशान्येकडचं सरोवराचं तोंड नैऋत्य काठाच्या मानाने शतकाला काही सेंटिमीटर वर येत आहे, म्हणजे या बाजूला पाणी तेवढंच चढणार. त्या दोन्ही वर्षी एजमियर ड्राइव्हची मंडळी सामान हलवत होती, आणि त्याच गावातल्या रिज रोडवर वाहतूक नेहमीसारखी चालू होती.